काळ्या लोकरीची इ

त्या उंबऱ्यावर जे सापडलं ते इ हे अक्षर होतं. मी ते पाहताक्षणी ओळखलं होतं आणि ओळखलं नाही असं सांगितलं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडील होते तोवर त्यांना सांगितलं नाही. देवापुढे बसतो तेव्हासुद्धा एवढी एक गोष्ट बाजूला ठेवून बसतो.

संपादकांनी माझ्याकडे मागितलं होतं निराळंच. इतकी वर्षं घरोघर फिरून चिमुरड्या पोरांना अक्षरं शिकवलीत, त्यातल्या गमती लिहा, सणाला लोक वाचून हसतील, असा त्यांचा निरोप. गमती आहेत, थोड्या लिहितोही. पण कागद पुढे घेतला की हात त्या उंबऱ्याकडेच जातो, आणि तो मागे ओढण्याचा आता मला शीण आला आहे. म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

आधी धंदा काय ते सांगतो. आपल्या निजामाच्या मुलखात कचेरीचा कागद उर्दू, मदरशातली पाटी उर्दू. पोर जरा मोठं झालं की तिकडे अलिफ-बे गिरवायला जातं. मग घरातली पोथी कुणी वाचायची? बहिणीच्या सासरी चार ओळी कुणी लिहायच्या? त्यासाठी ऐपतदार घरं बाळबोध लिपी शिकवायला पंतोजी ठेवत. माझे वडील धारूरला असेच पंतोजी होते. त्यांची साधनं दोन, धूळपाटी आणि छडी. मी घ्यायचो ती पोरं त्यांच्या पोरांहून लहान. बोबडी, नाक गळणारी, कुणी आलं की आईच्या पदरात शिरणारी. एवढ्या पोराच्या बोटांत बोरू धरायचं बळ नसतं. म्हणून मी अक्षर लिहायला शिकवत नसे, करायला शिकवत असे.

कुंभाराकडची मळलेली माती घ्यायची, तिची दोरी वळायची, दोरीचा ट करायचा. ट सगळ्यात सोपा. त्याच्या मागून ठ, कारण तो लाडवासारखा गोल. अ फार उशिरा. लोकांना हे पटत नसे. पहिल्या दिवशी श्रीगणेशा झाला की दुसऱ्या दिवशी पोराला अ आला पाहिजे असं प्रत्येक बापाला वाटतं. पण अ मध्ये किती वळणं आहेत ते एकदा मातीत करून बघा म्हणजे कळेल. ज्वारीची धाटं सोलून आतला पांढरा भेंड काढायचा, पोरं त्याच्या बैलगाड्या करतात तोच. त्याचे तुकडे काडीनं जोडले की म होतो, भ होतो. अलिफ तर एका काडीत. चिंचोके ओळीनं मांडले की र. पिठाच्या गोळ्याचा ग करून तव्यावर भाजला की पोर तो दिवसभर मिरवतं आणि संध्याकाळी खाऊन टाकतं.

एकदा एक आई घाबरीघुबरी होऊन आली. "मास्तर, पोरानं ग खाल्ला. पोटात दुखंल का?"

म्हटलं, "ग नं काही होत नाही. क्ष असता तर वैद्याकडे पाठवलं असतं."

बाई खरंच मान हलवून गेली. तेव्हापासून त्या घरात मी क्ष केला की ती लगेच उचलून फळीवर ठेवायची.

सिरसाळ्याकडच्या एका म्हाताऱ्याशी माझं कायमचं भांडण ण वरून. मी त्याच्या नातवाला सांगे, "ण बाणाचा." नातू म्हणे, "बान." मी म्हणे, "बान नाही, बाण." तिसऱ्यांदा झालं तेव्हा म्हातारा बाजेवरून ओरडला, "कावून छळता बे त्याला? आमच्यात बानच म्हनत्यात. तुमचा तो ण घ्या अन् धारूरला घेऊन जा!" त्या घरात मी ण शिकवला नाही. नातू आता कचेरीत आहे आणि त्याचं काही अडलेलं नाही.

माझ्या अंगाला सदा मातीचा वास. लोक मला चिखलमास्तर म्हणत. तोंडावर नाही, पण मी ओसरीवरून उतरलो की पाठीमागे ऐकू यायचं. मला राग येत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. वडिलांच्या हाताखालची पोरं त्यांना पाहून पळत, माझी पोरं मला पाहून धावत येत. वडील म्हणायचे, "तू पंतोजी नव्हेस, तू कुंभार." तेही मी कौतुकासारखंच घेई.

आता ते गाव. नाव लिहीत नाही. वडवणीच्या अलीकडचं, डोंगर संपून सपाटी लागते तिथलं. तिथले पाटील मोठे जमीनदार आणि त्या भागात शब्दाला वजन असलेले. त्यांनी एखाद्याला बरं म्हटलं की आजूबाजूच्या गावांची दारं त्याला उघडत. मी तिशीच्या आतला होतो, नुकतं लग्न झालेलं. त्यांच्या मुलाला, इसूला, शिकवायला त्यांनी मला ठेवलं तेव्हा घरी आईनं देवापुढे साखर ठेवली.

पहिल्याच दिवशी पाटलांनी एक अट घातली. इसूच्या पाठची गोदी, तीन वर्षांची असेल नसेल, तिच्या हाती अक्षर द्यायचं नाही. "माझी बहीण पोथी वाचायची," ते म्हणाले. "लग्न झालं अन् वर्साच्या आत कपाळ पांढरं करून माघारी आली. आमच्या घरात पोरीला अक्षर सोसत न्हाई, मास्तर. आज सांगतो, पुन्हा सांगनार न्हाई."

मी हो म्हटलं. हो म्हणायला मला काहीच जड गेलं नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

गोदीला सांभाळायला सारजाबाई असे. धनगराची बाई, विधवा, मूलबाळ नाही. गावाबाहेर पालात राहायची, थोडी मेंढरं होती. सकाळी पाटलांच्या गोठ्यातलं शेणघाण काढायची आणि मग गोदीला मांडीवर घेऊन ओसरीच्या खांबाला टेकून बसायची. मी आणि इसू अलीकडे, मधे मातीचा पाट, पलीकडे खांबापाशी त्या दोघी. गोदी तिला आई म्हणायची की सारजा, याचा घोळ होता. पाटलीणबाई नव्या बाळंतपणात होत्या, त्यांनाही ते चालत होतं.

सारजाबाई तोंडानं तिखट. माझी माती बघून म्हणायची, "मास्तर, तुमी बामन का कुंभार? एक डाव ठरवा, म्हंजी आमाला पाया पडायचं का मडकं मागायचं ते कळंल."

एकदा इसूच्या मातीच्या अक्षरांना उन्हानं भेगा पडल्या आणि तो रडायला लागला. तेव्हा मी सारजाबाईला म्हटलं, तुमच्याकडची थोडी लोकर द्या. ओल्या पाटावर लोकरीचा पीळ चिकटवला की अक्षर भेगाळत नाही, मऊ राहतं, पोरांना हात फिरवायला आवडतं. तिनं काळी लोकर आणली. घोंगडीची असते ती, चांगली दाट काळी. म्हणाली, "घ्या. माज्या मेंढरांनी बी शाळा शिकावी जरा." त्या घरात लोकर अशी आली. मी मागितली म्हणून आली.

पलीकडे बसून गोदी सगळं बघत होती, आणि पोर बघतं ते शिकतं. त्याला अट कुणी घालायची? एक दिवस इसूला ट आठवेना. गोदीनं मांडीवरून उतरून पाटावरचे चिंचोके हलवले आणि ट करून दाखवला. उलटा. डोकं खाली, गाठ वर. मी हसलो. सारजाबाई हसली नाही. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि पोरीला ओढून पुन्हा मांडीवर घेतलं.

ती माझ्यासमोर बसत होती. मी अक्षर माझ्याकडे तोंड करून मांडत होतो, इसू माझ्या बाजूला, म्हणून त्याला ते सुलट दिसे. तिला जगातलं प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं दिसत होतं आणि तसंच असतं असं ती धरून चालली होती. हे मला तेव्हाच कळलं होतं. पाट फिरवायला एक हात लागला असता. फिरवला नाही, कारण ती माझी विद्यार्थिनी नव्हती. तिचं अक्षर उलटं असो की सुलट, माझ्या कामात ते धरलं जाणार नव्हतं.

त्यानंतर ती चुपचाप मला चिकटायला लागली. इसू पाणी प्यायला आत गेला की हळूच म्हणायची, "मला बी." मी उरलेल्या लोकरीचा एखादा तुकडा तिच्या हातात देई. सारजाबाई म्हणे, "मास्तर, मालकाला कळलं तर?" मी म्हणे, "तुम्ही सांगू नका, मी सांगत नाही." ती म्हणे, "म्या कशाला सांगू? पोरगी हसती." आम्हा दोघांतला करार एवढाच.

पुढे इसू तापानं पडला. अंग भट्टीसारखं, मधेच बरळणं. वैद्य येऊन गेले, मुल्लाजींनी फुंकर घालून धागा बांधला, उतारे टाकून झाले. शिकवणं बंदच होतं, पण पाटलांना वाईट वाटू नये म्हणून मी रोज चक्कर मारत होतो. गोदीला त्या खोलीत जाऊ देत नसत. ओसरीवर ती कावरीबावरी. मला बघून म्हणाली, "दादाचं कोन्तं?"

म्हणजे दादाचं अक्षर कोणतं.

मी खिशातली लोकर काढली, पीळ दिला आणि माझ्यापुढे ओसरीवर इ मांडली. "हे दादाचं. इ. इसूची इ." ती पुढून बघत होती. माझं लक्ष आतून येणाऱ्या आवाजाकडे होतं. उरलेली लोकर मी तिच्या ओंजळीत टाकली आणि उठलो. सारजाबाई तिथेच होती. तिनं हे सगळं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर घरापुढे माणसं. इसूच्या खोलीच्या उंबऱ्यावर कणकेचे छोटे छोटे गोळे ओळीनं चिकटवलेले होते. हळदीनं पिवळे केलेले. प्रत्येक गोळ्यावर काळ्या लोकरीचं वेटोळं, शेपूट वर, फणा काढल्यासारखं. पाटलीणबाईंनी सकाळी उठून दार उघडलं आणि ते बघून किंचाळून खाली बसल्या होत्या.

इ उलटी केली की कशी दिसते ते एकदा करून बघा.

मला एका नजरेत सगळं कळलं. कणीक स्वयंपाकघरातली, हळद डब्यातली, गोदीचा हात पोचेल एवढ्या उंचीवरची. पोरीला आत जाऊ देत नव्हते, म्हणून तिनं दादाचं अक्षर दादाच्या दाराशी ठेवलं. एक ठेवून समाधान झालं नाही म्हणून ओळ केली. पोरं अशीच करतात, एक छान जमलं की ओळ करतात. मला आजवर इतक्या पोरांनी इतक्या भेटी दिल्या, एवढ्या मन लावून केलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

कुणी हात लावेना. "भानामती" हा शब्द मी पोचायच्या आधीच बोलून झाला होता. पाटलांनी काडीनं एक गोळा उचलला. डोळे सुजलेले, कैक रात्री झोप नसलेला माणूस. त्यांच्यावर मी आजही राग धरू शकत नाही.

"काळी लोकर," कुणीतरी म्हणालं. सगळ्यांनी गोठ्याकडे बघितलं. सारजाबाई शेणाचे हात तसेच घेऊन उभी होती.

"सारजे, हे काय हाय?" पाटलांनी विचारलं.

तिनं गोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मला काय ठावं, मालक? अक्षराबिक्षराचं मला काय कळतंय? मास्तरांला इचारा. त्यांला ठावं."

ती मला दार उघडून देत होती. पोरीचं नाव तिला स्वतःला घ्यायचं नव्हतं. मालकाच्या हुकमाविरुद्ध पोरीच्या हाती अक्षर दिलं हे धनगराच्या बाईनं सांगून कोण ऐकणार? मी सांगितलं असतं तर ऐकलं असतं. एवढंच म्हणायचं होतं: पाटील, ही इ आहे, गोदीनं केली, मी तिला दाखवली, चूक माझी. फार तर त्या घरातून मला काढलं असतं. फार तर दोन-चार गावांत दारं बंद झाली असती.

पाटील माझ्यापुढे आले. काडी माझ्या तोंडासमोर धरली. "मास्तर, तुमी अक्षराचे मानूस. हे अक्षर हाय का?"

मी म्हणालो, "नाही. हे अक्षर नाही."

भिंतीला टेकलेला एक म्हातारा लगेच म्हणाला, "अक्षर न्हाई ना? मग मंतर हाय."

त्यानं मला काही विचारलं नव्हतं. पण ते वाक्य मीच त्याच्या हातात दिलं होतं. अक्षर ओळखणारा माणूस म्हणतो हे अक्षर नाही, मग उरलं काय?

गलका झाला. त्या गलक्यात आतून गोदीचा आवाज आला. तिला स्वयंपाकघरात कोंडलं होतं. दाराच्या फटीला तोंड लावून ती ओरडत होती, "दादाचं हाय ते! दादाचं हाय!" आणि हसत होती. तिला वाटलं, सगळी माणसं तिनं केलेलं बघायला जमली आहेत.

म्हातारा म्हणाला, "ऐका. पोरीच्या तोंडून कोन बोलतंय ते ऐका."

दोन माणसं त्या दाराकडे सरकली. तेव्हा सारजाबाई मधे आली. शेणाचे हात आडवे करून उभी राहिली. "पोरीकडं कावून जाता? लोकर माजी हाय. दिसंना का? माज्या मेंढराची हाय. पोरीचं नाव काडू नका."

ती यापेक्षा जास्त काही बोलली नाही. मी केलं असं ती म्हणाली नाही, केलं नाही असंही म्हणाली नाही. लोकांनी हवं ते ऐकलं.

पुढचं थोडक्यात लिहितो, लांबवून लिहायचं धाडस नाही. तिचे दात पाडा, म्हणजे मंत्र उमटायचा नाही, असं दोघं-तिघं म्हणाले. पाटलांनी ते होऊ दिलं नाही. पण गावात राहायचं नाही असा निकाल झाला. तिचं पाल उपटून फेकलं. भांडी ओढ्यात. मेंढरं पोरांनी दगड मारून पांगवली, त्यातली काही तिला सापडली, काही नाही. ती वडवणीच्या वाटेनं गेली. जाताना माझ्याजवळून गेली. मला वाटलं थुंकेल. ती हळू म्हणाली, "पोरीला सांबाळा."

इसूचा ताप नंतर दोन-तीन दिवसांत उतरला. ताप उतरायचाच होता, वैद्यांनी तसं सांगितलंही होतं. पण गावाला जो पुरावा हवा होता तो मिळाला. त्यात माझंही नाव झालं. मास्तरांनी बरोबर ओळखलं, ते अक्षर नाही म्हणाले, असं लोक आजूबाजूला सांगत फिरले. माझी घरं वाढली. हे वाक्य लिहिताना मला अजून शरम वाटते, पण तसं झालं.

शिकवणी पुन्हा सुरू झाली. मी लोकर सोडली ती कायमची, मातीवर आलो. गोदी आता एकटीच खांबाला टेकून बसायची. मला विचारायची, "सारजा कवा येनार?" मी म्हणायचो, येईल. एक दिवस इसू आत गेला आणि ती पुढे सरकली. पाटाच्या कडेला सांडलेल्या मातीत बोटानं तिनं इ काढली. तशीच, उलटी. काढून माझ्याकडे बघितलं.

तेवढ्यात आतून पाटलांच्या खोकण्याचा आवाज आला. मी तळहातानं ती पुसली. म्हणालो, "हे अक्षर नाही."

त्या दिवशी उंबऱ्यापाशी माझ्यावर माणसांचा दाब होता असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे. ओसरीवर कुणीच नव्हतं. एक पोरगी होती, आणि तिनं माझं खरं मानलं. पुन्हा तिनं कधी मातीला हात लावला नाही. मी असा पंतोजी, की ज्याच्यामुळे एका पोरीनं आलेलं अक्षर टाकून दिलं.

वर्षं गेली. मी पुष्कळ पोरांना इ शिकवली. इमली, इरलं, इस्त्री, काहीही सांगायचो, इसू म्हणत नसे. पाट मधे ठेवला की आधी पलीकडे कोण बसलंय ते बघायची सवय लागली. कुणाची बहीण असेल, मोलकरणीचं पोर असेल, तर पाट आडवा करायचो, दोघांपैकी कुणालाच उलटं दिसणार नाही असा. लोकांना ती माझी खास पद्धत वाटते. एका घरी तर मला विचारलं, "मास्तर, पाट असा आडवा कावून ठिवता?" मी म्हटलं, "उजेड बरा येतो."

सारजाबाई मला एकदाच भेटली. सिरसाळ्याच्या बाजारात. ती घोंगड्या घेऊन बसली होती, पुतण्याकडे राहत होती. केस पिकले होते, पण तोंड तेच. मी पुढून जाताना तिनंच हाक मारली. "ओ मास्तर! बामन का कुंभार? ठरलं का न्हाई अजून?"

मी घोंगडी बघायला बसल्यासारखा तिच्यापुढे बसलो. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. गोदी कशी हाय?"

"बरी आहे. लग्न झालं. दिंद्रुडाच्या बाजूला दिली."

"पोरंबाळं?"

"एक मुलगी आहे."

तिनं मान हलवली. लोकरीचा एक धागा ओढून बोटाभोवती गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "अक्षर आलं का तिला? लई हौस हुती पोरीला."

मी म्हणालो, "आलं."

"समदं?"

"सगळं. पोथी वाचते."

सारजाबाईनं डोळे मिटले. "आता बरं वाटलं बगा," ती म्हणाली. "मंग गेलं ते वाया न्हाई गेलं." एक गिऱ्हाईक आलं, ती त्याच्याशी भाव करायला वळली. मी उठून निघालो. मागून म्हणाली, "घोंगडी घेत न्हाई व्हय? निस्ता हात लावायचा अन् जायाचं, तुमची सवयच हाय ती."

हसतच म्हणाली होती. मी वळून बघितलं नाही.

गोदीला अक्षर येत नाही. लग्नात तिला आंदण दिलेली जमीन भावाच्या नावावर परत करून द्यायची होती तेव्हा इसूनं मला साक्षीला बोलावलं होतं, तो आता पाटील आहे. गोदी आली होती, अंगठा उठवून गेली. इसू तिला चिडवत म्हणाला, "हे आमचे मास्तर, वळखलंस का? तू तर कवा बसलीच न्हाई त्यांच्यापुढं." ती डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मला कुटं येतंय अक्षर? मला जमतच न्हाई ते. ल्हानपनापासून न्हाई." तिची मुलगी कडेवर होती, अंगठ्याची शाई बघून हात पुढे करत होती.

तेव्हा मी बोलायला हवं होतं. चावडीत बसलेलो होतो, गावातली जुनी माणसं तिथेच होती, तो म्हातारा गेला होता पण त्याची मुलं होती. त्या गावात अजून पोर आजारी पडलं की सारजेचं नाव निघतं. मुलांना भीती घालायला तिचं नाव वापरतात. मी चहा प्यायलो, सही केली आणि वाटेला लागलो.

हा लेख त्या गावात कुणी वाचणार नाही. तिथे असले अंक पोचत नाहीत, आणि पोचला तरी गोदीला वाचता येणार नाही. म्हणून इथे लिहिलं म्हणजे माझं काही फिटलं असं मी धरत नाही. सारजाबाई आज आहे की नाही तेही मला ठाऊक नाही.

मला त्या गावच्या चावडीत उभं राहून, इसू पाटलासमोर, तोंडानं सांगायचं आहे की उंबऱ्यावर इ होती, ती लहानग्या गोदीनं भावासाठी केली होती, ती तिला मी दाखवली होती, आणि सारजाबाईनं कुणाचं काही केलं नव्हतं. मग दिंद्रुडाच्या बाजूला जाऊन गोदीला सांगायचं आहे की ते अक्षरच होतं, आणि तिची इच्छा असेल तर तिच्या शेजारी बसून ती पोथी वाचू लागेपर्यंत शिकवायचं आहे. सारजाबाईला मी तसं सांगून बसलो आहे. यातलं अजून काहीही मी केलेलं नाही.